पाडव्याला घेतलेली नवी गाडी आदल्या वर्षीची निघाली

टायरमध्ये खिळा घुसला म्हणून हे सगळं कळलं. गाडी घेऊन सहा-सात आठवडे झाले होते. पुण्यात धायरी फाट्याजवळ पंक्चर काढून घेत होते, तेव्हा पंक्चरवाल्या दादांनी टायरवरून ओला हात फिरवत विचारलं, "ताई, गाडी कधी घेतली?" म्हटलं, पाडव्याला. "मग टायर गेल्या वर्षीचा कसा?" त्यांनी बोट ठेवलं तिथे लांबट गोलात चार आकडे होते : २१२४. म्हणजे २०२४ सालचा एकविसावा आठवडा. प्रत्येक टायरवर असा आठवडा आणि साल कोरलेलं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. उरलेले तीन टायर बघितले, स्टेपनी बघितली. सगळे त्याच सुमाराचे. घरी आल्या आल्या आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, कार्ड काढलं. त्यावर उत्पादनाचा महिना छापलेलाच होता, जून २०२४. आम्ही गाडी घेतली ३० मार्च २०२५ ला.

नवी म्हणून पूर्ण किंमत मोजलेली गाडी नऊ महिने कुठल्यातरी यार्डात ऊन-पाऊस खात उभी होती आणि आम्हाला कोणी एका शब्दानं सांगितलं नाही.

कॉम्पॅक्ट एसयूव्हीच घ्यायची, हे आमचं सासऱ्यांच्या गुडघ्यांमुळे ठरलं. जुन्या हॅचबॅकमध्ये बसताना त्यांना अक्षरशः खाली उतरावं लागायचं. सहा महिने आम्ही मॉडेलं बघत होतो. भारत एनकॅपचे, म्हणजे अपघाताच्या चाचणीत मिळणारे, स्टार पाहिले, सहा एअरबॅग आहेत का पाहिलं, सासऱ्यांना प्रत्येक शोरूममध्ये नेऊन मागच्या सीटवर बसवून पाहिलं. चार मीटरच्या आतली घ्यायची की मोठी, यावर घरात महिनाभर चर्चा झाली. (आता तर हा फरक आणखी महत्त्वाचा झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, डिझेलला ही मर्यादा १५०० सीसी. त्याहून मोठी घेतलीत तर ४० टक्के.) एवढं सगळं केलं, पण त्या मॉडेलच्या शेकडो गाड्यांमधली आपल्याला मिळणारी एक गाडी कोणती, ती कधी बनली, कुठे उभी होती, हे बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. मी कळकळीनं लिहितेय ते एवढ्याचसाठी. मॉडेलची माहिती हवी तेवढी मिळते. फसवतात ते या दुसऱ्या ठिकाणी.

बुकिंग फेब्रुवारीत केलं. फॉर्मवर मॉडेल, व्हेरिएंट, रंग एवढंच. उत्पादनाच्या वर्षाचा रकानाच नव्हता. एक्स-शोरूम किंमत ११ लाख ९० हजार. पेट्रोल गाडी, दहा ते वीस लाखांमधली, म्हणून रोड टॅक्स १२ टक्के, तो भरायलाच लागतो. दहा लाखांवर गेल्यामुळे एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच कापून घेतलेला आयकर, ११,९०० रुपये. हे पैसे आयकर विवरणपत्रात वळते करून घेता येतात, पण ते शोरूमनं सांगितलं नाही, आमच्या सीएंनी सांगितलं. मग 'लॉजिस्टिक चार्जेस' म्हणून साडेनऊ हजार. हे कशाचे, विचारलं तर "सगळ्यांनाच लागतात मॅडम". आरटीओच्या शुल्कात असलं काही नसतं. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. ही ओळ कोटेशनमध्ये दिसली की खोडायला सांगा आणि मगच पुढे बोला.

इन्शुरन्सचे त्यांनी ६१ हजार लावले. तेवढ्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेपसकट (दाव्यातून घसारा कापत नाहीत ते), माझ्या भावाच्या एजंटनं ४४ हजारांत दिलं असतं. सेल्समन माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "सर, बाहेरून घेतला तर कॅशलेस होत नाही, मग आमच्याकडे यायचं नाही." आम्ही घाबरलो आणि ६१ हजार भरले. हे धादांत खोटं होतं. कॅशलेस मिळणं, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं परस्पर गॅरेजला देणं, हे विमा कंपनीचा त्या गॅरेजशी करार आहे की नाही, यावर असतं. पॉलिसी कुणाकडून घेतली याच्याशी त्याचा संबंध नसतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) सक्तीचा आहे, १ सप्टेंबर २०१८ पासून. पण तो अमुक शोरूममधूनच घ्या, असं म्हणायचा अधिकार कुठल्याही डीलरला नाही.

पाडव्याचा दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, प्रत्येकाला मुहूर्त गाठायचा होता. गाडीवर लाल सॅटिनचं कापड, बॉनेटवर झेंडूचा हार. सासूबाईंनी कुंकवानं स्वस्तिक काढलं, सासऱ्यांनी नारळ वाढवला. तेवढ्यात सेल्समननं कागदांचा गठ्ठा आणला, जिथे जिथे सह्या हव्यात तिथे आधीच पेन्सिलीनं फुल्या केलेल्या. "मॅडम, पटापट करून टाका, पाठीमागे लाईन आहे." मी बॉनेटवरच कागद ठेवून सह्या केल्या. त्यातल्या एकावर छापलेलं होतं, 'वाहन तपासून, पूर्ण समाधानाने ताब्यात घेतले.'

जूनमध्ये मी तक्रार घेऊन गेले तेव्हा मॅनेजरनं हाच कागद माझ्यासमोर ठेवला. "गाडी नवीनच होती. मीटरवर फक्त आठ किलोमीटर होते. २०२५ ची देतो असं आम्ही कुठे म्हटलं?" माझ्या ऑफिसमधल्या एकानं जानेवारीत याच मॉडेलची २०२४ ची गाडी घेतली होती. त्याला साल सांगून दिली आणि वर ५५ हजार कमी केले. आम्हाला मिळाले मडफ्लॅप आणि सीट कव्हर. उद्या गाडी विकायला काढली की घेणारा आधी आरसीवरचं साल बघणार, आम्ही पहिल्या दिवसापासून एक वर्ष मागे. बॅटरीसुद्धा पावसाळ्यात नवले पुलाजवळ उतरली. महिनोन्‌महिने चालू न केलेल्या गाडीची बॅटरी अशीच कमजोर होते, असं मेकॅनिक म्हणाला.

तुम्ही बुकिंग करणार असाल तर पावतीवरच लिहून घ्या की गाडी अमुक साली, अमुक महिन्यानंतर बनलेली असेल. छापील रकाना नसला तरी हातानं लिहून शिक्का मारून घ्या. चॅसी नंबर मागा. १७ अक्षरांच्या त्या नंबरात वर्षाचं अक्षर असतं, २०२४ ला आर, २०२५ ला एस, २०२६ ला टी. पण ते कितव्या जागी हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं, म्हणून नुसत्या अक्षरावर विसंबू नका, फॉर्म २१, म्हणजे डीलरनं दिलेला विक्रीचा दाखला, बघायला मागा. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. माझ्या फाइलमध्ये तो कागद पहिल्या दिवसापासून होता. मी उघडून पाहिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि उरलेली रक्कम भरण्याआधी यार्डात जाऊन गाडी डोळ्यांनी बघा. दिवसा जा. पाचही टायरांवरचे आकडे वाचा, सगळ्या काचांवर एकाच कंपनीची खूण आहे का बघा, दरवाजाच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का बघा. उडाला असेल तर दार कधीतरी काढलेलं असू शकतं. चॅसीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवा, दोन्हींचे फोटो काढा. विमा आणि रजिस्ट्रेशन त्यानंतरच. एकदा एमएच १२ चा नंबर तुमच्या नावावर पडला की गाडी परत करणं जवळपास अशक्य होतं, आणि हे डीलरांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. यार्ड दाखवायला कोणी नाही म्हटलं तर बुकिंग रद्द करा. मुहूर्त पुढेही येतो.

मी आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यानंतर कंपनीचा ईमेल आला, लॉजिस्टिकचे साडेनऊ हजार परत मिळाले, पण सालाबद्दल अवाक्षर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दहा ते वीस लाखांच्या वस्तूसाठी फी फक्त ४०० रुपये आहे आणि मुदत दोन वर्षांची, त्यामुळे पैशासाठी किंवा उशीर झाला म्हणून कोणी मागे हटू नये. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "२०२५ ची गाडी देतो, असं कुठे लिहून दिलंय का?" माझ्याकडे सेल्समनचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा एकच मेसेज आहे : 'मॅडम एकदम फ्रेश पीस आहे, या महिन्यातच आलाय.' त्याच्या जोरावर आम्ही लढतोय.