मिनी ट्रॅक्टरचा लोडर: दहा गुंठे माळ सपाट केल्यानंतरचा अभिप्राय

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आमच्या माळावर बेदाण्याच्या शेडसाठी दहा गुंठे जागा सपाट करायची होती. हे काम गावातल्या जेसीबीकडून करून घ्यावे असे घरातल्या सगळ्यांचे मत होते. मी मात्र द्राक्षबागेतल्या २८ एचपीच्या फोर व्हील (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या) मिनी ट्रॅक्टरला पुढून लोडर (माल उचलून नेणारी बकेट आणि तिचा सांगाडा) बसवून घेतला आणि काम स्वतः केले. लोडर जिल्ह्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये तयार झालेला आहे, त्याची बकेट चार फुटी आहे, आणि पंप, लिव्हर व बसवण्याची मजुरी धरून मला १ लाख ६५ हजार रुपये मोजावे लागले. बेदाण्याचा एक हंगाम आणि एक पावसाळा त्याच्यासोबत काढल्यानंतर हे लिहीत आहे.

जागा १२१ फूट लांब आणि ९० फूट रुंद, म्हणजे नेमकी दहा गुंठे, आणि लांबीच्या दिशेने तिला तीन फुटांचा उतार होता. पाणी वाहून जावे म्हणून त्यातला एक फूट उतार राखायचा ठरल्यावर वरच्या टोकाला एक फूट खोदाई, खालच्या टोकाला एक फूट भराव आणि मध्यावर शून्य असा हिशेब निघाला. वरच्या निम्म्या भागात सरासरी अर्धा फूट खोदायचे म्हटले तरी जागेवरचा मुरूम साधारण २७ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतो, आणि मुरूम एकदा मोकळा झाला की फुगून जवळपास सव्वापट होत असल्यामुळे प्रत्यक्षात हलवायचा माल ३४ ब्रासच्या घरात जातो. माझ्या बकेटमध्ये पाच घनफूट मुरूम बसतो, म्हणजे ६८० खेपा झाल्या. हा आकडा मी लोडर घेण्याआधी मांडायला हवा होता. तो मांडला तिसऱ्या दिवशी, खेपा मारून मान अवघडल्यावर. (मुरूम गटाबाहेर न्यायचा नव्हता, म्हणून परवानगीचा प्रश्न आला नाही. गाडीत भरून बाहेर द्यायचा असेल, तर तहसील कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधन यांचे आधी पाहावे.)

लोडर खोदत नाही, ही गोष्ट विकणारा आपण होऊन सांगत नाही. जेसीबीचे वजन सात टनांच्या वर असते, त्यामुळे तिचा दात कठीण मुरमात घुसतो. आपला मिनी ट्रॅक्टर जेमतेम टनभराचा, त्यामुळे बकेट न हललेल्या माळावर लावून पुढे रेटले की दात नुसते खरवडत जातात, मागची चाके जागेवर फिरतात आणि टायरची झीज तेवढी पदरात पडते. बकेट जास्त खाली दाबली तर ट्रॅक्टरची पुढची चाकेच उचलली जातात आणि स्टेअरिंग हलके लागते. स्टेअरिंग हलके लागले की आपण जमीन खोदत नसून ट्रॅक्टर उचलत आहोत, एवढे समजून लिव्हर सोडावा.

म्हणून खोदण्याचे काम नांगराने केले. वरची चार इंच माती आधी काढून बांधाकडेला ढीग लावून ठेवली, कारण माळावरची असली तरी ती माती आहे आणि भरावाखाली गाडण्यासारखी नाही. त्यानंतर परतीच्या पावसानंतर चांगला वाफसा आला तेव्हा दोन फाळी नांगराने आडवी-उभी नांगरट केली. ओल असताना मुरूम ढेकळाढेकळाने सुटतो. तोच डिसेंबरात नांगरायला गेलो असतो, तर फाळ झिजले असते आणि काम अर्धवट राहिले असते. वरच्या कोपऱ्यात पंधरा-वीस फुटांचा पट्टा मांजऱ्याचा, म्हणजे कठीण थराचा, निघाला, तिथे नांगर उड्या मारू लागला, आणि तेवढ्यापुरता शेवटी जेसीबी बोलावून दीड तास काम करून घेतले. याची मला लाज वाटत नाही. ज्या जमिनीत नांगराचा फाळ उतरत नाही, तिथे हा लोडर निरुपयोगी आहे, आणि घेण्यापूर्वी आपल्या जमिनीची एवढी परीक्षा प्रत्येकाने करावी.

खेपा मात्र लगेच मारता आल्या नाहीत, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर ट्रॅक्टर ब्लोअरला (बागेत औषध फवारण्याच्या यंत्राला) जुंपलेला असतो आणि नऊ फुटी ओळीत लोडर पुढे घेऊन वळता येत नाही. लोडर उतरवायला दोन माणसे आणि पाऊण तास लागतो. चढवायला त्याहून थोडा अधिक, कारण पिना भोकासमोर आणण्यासाठी एकाने ट्रॅक्टर इंच-इंच हलवायचा आणि दुसऱ्याने पहार लावून बसायचे. वर्कशॉपमध्ये दाखवताना हेच काम दहा मिनिटांत झाले होते, पण तिथली फरशी सपाट होती. त्यामुळे फवारण्या विरळ झाल्यावर, डिसेंबराच्या मध्यापासून, खेपांना सुरुवात झाली.

भरलेल्या बकेटमध्ये सुमारे दोनशे किलो मुरूम असतो आणि तो पुढच्या एक्सलच्याही पुढे लोंबकळत असतो. मागे वजन नसेल, तर ट्रॅक्टरचा मागचा भाग हलका होतो आणि ब्रेक मागच्याच चाकांना असल्यामुळे उतारावर ट्रॅक्टर थांबता थांबत नाही. हे वाचून कळणे वेगळे आणि अंगावर येणे वेगळे. दुसऱ्याच दिवशी भरलेली बकेट छातीएवढी उचलून मी वळण घेत होतो. खालचे चाक नांगरटीच्या चरात उतरले आणि वरचे मागचे चाक जमिनीपासून हातभर सुटले. लिव्हर खाली ढकलण्याचे सुचले म्हणून ट्रॅक्टर परत चाकांवर आला. त्या संध्याकाळी काम बंद करून दोनशे लिटरचा एक जुना बॅरल निम्म्याहून थोडा वर कापला, त्यात लोखंडी दांडा आडवा घालून काँक्रीट ओतले आणि वाळल्यावर तो सुमारे तीनशे किलोचा ठोकळा मागच्या लिफ्टला जोडला. मागच्या टायरांत पाणीही भरून घेतले. त्यानंतर ट्रॅक्टरची चाल पार बदलली. भरलेली बकेट गुडघ्याच्या वर न्यायची नाही, ती रिकामी करतानाच उचलायची, उतारावर आडवे चालवायचे नाही आणि डाव्या-उजव्या ब्रेकचे पॅडल एकत्र जोडणारी कडी कायम लावलेली ठेवायची, हे नियम मी मुलालाही घालून दिले आहेत. हा ठोकळा खरे तर विकणाऱ्याने लोडरसोबतच द्यायला हवा.

जमीन सपाट करण्याच्या बाबतीतही लोडरकडून फार अपेक्षा ठेवू नये. लोडर माल एका जागेहून दुसऱ्या जागी नेतो. सपाटी आणते ते ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे ब्लेड (माती सारखी करणारे आडवे पाते) आणि त्याआधी आपण केलेली मोजणी. मी साठ फुटी पारदर्शक पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली, दर पंधरा फुटांवर खुंटी ठोकली आणि प्रत्येक खुंटीवर खोदाई किंवा भराव किती इंच हे रंगाने लिहिले. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लेव्हल हमखास चुकते; एका ओळीत माझी दोन इंचांनी चुकली, आणि ती चूक दोरी ताणल्यावर लक्षात आली. खोदाई आणि भराव यांच्या मधली शून्याची रेषा फक्कीने आखून ठेवल्यामुळे कुठून उचलायचे आणि कुठे टाकायचे याचा गोंधळ झाला नाही. बकेट खाली तोंड करून मागे ओढत नेल्यास ढीग पसरतात खरे, परंतु तसे करताना बकेट दाबून धरू नये, कारण जॅकचे दांडे त्या दिशेने जोर घेण्यासाठी केलेले नसतात. शेवटचा हात पाच फुटी ब्लेडनेच फिरवला. आमचे आजोबा बैलाच्या केणीने (माती ओढून सपाट करायच्या अवजाराने) जे काम करीत, तेच हे काम आहे. फक्त केणी मागे धरायला माणूस लागत असे आणि इथे बसून होते, एवढाच फरक. केणीने केलेले त्यांचे वावर आजही पाणी सारखे धरते, हे इथे नमूद केले पाहिजे.

भराव सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, शेततळ्यातले पाणी मारून, भरलेल्या बकेटसह ट्रॅक्टर वरून फिरवत दाबला. हलका ट्रॅक्टर भराव नीट दाबू शकत नाही, हे त्या वेळी कळत होते, पण रोलरचे भाडे वाचवायचे होते.

आता लोडरच्या बांधणीविषयी. जाड पत्रा, बदलता येणारे दात आणि तेल न गळणारे जॅक या तिन्ही गोष्टींबद्दल मी समाधानी आहे. वर्कशॉपने सांगाडा मात्र फक्त पुढच्या ब्रॅकेटला आणि गिअरबॉक्सच्या बाजूला बोल्ट मारून बसवला होता, मागच्या एक्सलपर्यंत पट्ट्या नेलेल्या नव्हत्या. सुमारे चारशे खेपा झाल्यावर डावीकडच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगला केसाएवढी भेग दिसली, आणि त्याच आठवड्यात पुढच्या एक्सलचे ऑइल सील गळू लागले. वर्कशॉपवाल्यांनी वेल्डिंग विनामूल्य करून दिले, मागेपर्यंत पट्ट्याही टाकल्या. त्या पट्ट्यांचे पैसे मात्र घेतले, आणि आधी का टाकल्या नाहीत या प्रश्नाला "कुणी मागत नाही" असे उत्तर मिळाले. ज्यांना लोडर बनवून घ्यायचा आहे, त्यांनी इसार देण्यापूर्वी सांगाडा मागच्या एक्सलपर्यंत नेण्याचे लेखी घ्यावे, आणि बकेट जमिनीला समांतर आहे की नाही हे सीटवरून दिसावे यासाठी लोडरच्या हातावर एक दर्शक सळई लावून घ्यावी. ती सळई मी नंतर पन्नास रुपयांत लावली, आणि तोपर्यंत निम्मी बकेट अंदाजानेच भरत होतो.

खर्चाचा हिशेब मी प्रामाणिकपणे मांडतो. नांगरट, खेपा आणि ब्लेड धरून मीटरप्रमाणे ३६ तास ट्रॅक्टर चालला आणि सुमारे ९० लिटर डिझेल लागले. जेसीबीच्या पुढच्या बकेटमध्ये माझ्या सात-आठ खेपांचा माल एकदम मावतो, त्यामुळे हेच काम तिने सहा-सात तासांत उरकले असते, आणि आमच्याकडच्या ताशी बाराशे-तेराशेच्या दराने तो खर्च माझ्या डिझेलएवढाच झाला असता. म्हणजे या एका कामासाठी मी लोडर घेतला असेन, तर घरातले बरोबर होते आणि मी चूक. पैसे वसूल झाले ते त्यानंतरच्या किरकोळ कामांत: शेणखताचा ढीग ट्रॉलीत भरणे, छाटणीच्या काड्या गोळा करणे, पावसाने वाहून गेलेला शेतरस्ता दुरुस्त करणे, ओढ्याकाठच्या तालीला (मातीच्या बांधाला) भर घालणे. या प्रत्येक कामासाठी जेसीबीवाला "तासाभरासाठी येत नाही" म्हणतो आणि चार मजूर दिवसभर लागतात. ज्यांच्याकडे फोर व्हील मिनी ट्रॅक्टर आधीपासून आहे आणि असली कामे महिन्यातून दोन-चार वेळा निघतात, त्यांनी लोडर जरूर घ्यावा; टू व्हील (फक्त मागच्या चाकांना जोर असलेल्या) ट्रॅक्टरला तो बसवू नये, आणि एकदाच जमीन सपाट करायची असेल तर जेसीबी सांगावी.

शेड उभी राहिली, रॅकचे खांब एका दोरीत बसले आणि पहिला बेदाणा मार्चमध्ये निघाला. पावसाळ्यानंतर खालच्या बाजूचा भराव, रोलर न फिरवलेला, नव्वद फूट लांब आणि पंधरा फूट रुंद पट्ट्यात दोन इंच खचला. बांधाकडेला राखलेला थोडा मुरूम होता. सकाळी लोडर चढवला, पंचेचाळीस बकेटा टाकल्या, या वेळी गावातला रोलर भाड्याने आणून फिरवला आणि दुपारच्या जेवणाआधी ट्रॅक्टर पुन्हा ब्लोअरला जोडला.