मिरगाच्या तोंडावर घर उघडं टाकून गेलेला ठेकेदार

एक तारा. दापोली तालुक्यात घरदुरुस्तीची आणि कौलारू छपरांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराचा हा अनुभव. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे नाव लिहीत नाही.

आमचं घर हर्णै-आंजर्ले पट्ट्यात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्धी कौलं उडाली, तेव्हापासून माजघरावर पत्रे टाकून दिवस काढत होतो. गेल्या वर्षी सगळं छप्पर लोखंडी पाइपांवर घ्यायचं आणि मागच्या भिंतीला नवा गिलावा करायचा असं ठरवलं. ठेका ४ लाख ६० हजारांचा. "वहिनी, मिरगाच्या आत कौलं चढली नाहीत तर मला विचारा," हे त्याचे शब्द.

सुरुवात बरी झाली. वेल्डर मुलगा मन लावून काम करायचा, प्रत्येक जोड घासून गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याची बारा दिवसांची मजुरीही याच ठेकेदाराने बुडवली.

वाळूपासून मात्र बिनसलं. कागदावर नदीची वाळू लिहिली होती. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पडलेल्या ढिगात मला तिसऱ्यांचे बारीक शिंपले दिसले. चिमूटभर जिभेवर ठेवली तर खारट. खाडीची वाळू होती! मी बोलले तर म्हणाला, "धुऊन आणलीय." दुसऱ्या दिवशी मी बाजाराला गेले आणि येईपर्यंत भिंत लिंपून मोकळा. आता त्या भिंतीला कमरेपर्यंत पांढरा लोणा फुटलाय, नख लावलं की गिलावा पिठासारखा गळतो. मीठ ओल ओढतं आणि सुकताना वर येऊन गिलावा फोडतं, हे किनाऱ्यावर काम करणाऱ्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पैसे त्याने तीनदा घेतले. आधी १ लाख, पाइप उतरल्यावर १ लाख आणि मेच्या मध्यात १ लाख २० हजार रोख. "कौलांचा ट्रक भरून उभा आहे, आजच पैसे द्यायला हवेत." ट्रक आलाच नाही. पण त्याच आठवड्यात त्याने जुनी कौलं आणि पत्रे उतरवून घेतले होते, त्यामुळे आमचे हात बांधले गेले.

मग एक दिवसाआड येणं, मग फक्त फोन. "मिक्सर, शिड्या तुमच्याच खळ्यात आहेत ना, मी कुठे पळतोय?" त्या सामानाकडे बघून मी पंधरा दिवस धीर धरला. एका दुपारी पिकअप घेऊन दोन पोरं आली, मिक्सर दुरुस्तीला न्यायचाय म्हणाली. खळ्याचं बेडं, म्हणजे फाटक, मी स्वतः उघडून दिलं. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

६ जूनच्या रात्री पाऊस उतरला. सासूबाईंनी देव परातीत काढून शेजारी नेले. वाडीतली माणसं विजेऱ्या घेऊन आली, मिळतील त्या ताडपत्र्या बांधल्या आणि दोन दिवसांत जुनीच कौलं नव्या पाइपांवर चढवली. कुणी एक रुपया घेतला नाही.

पोलिसांनी दिवाणी मामला म्हणून परत पाठवलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तेव्हा पुढची वाट कळली. वकिलांमार्फत रजिस्टर नोटीस पाठवली, ती "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आली. ते पाकीट न उघडता तसंच तक्रारीला जोडलंय. रक्कम ५ लाखांच्या आत असल्यामुळे जिल्हा आयोगात फी पडली नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून अशाच फेऱ्यात अडकलेल्यांनी "येतो, येतो" ऐकत बसू नका.

पहिले दोन हप्ते बँकेतून गेले, त्यांची नोंद आहे. तिसऱ्याची पावती नाही. आहे तो फक्त त्याचा व्हॉट्सॲप मेसेज, "मिळाले वहिनी". वकील म्हणाले, हा जपा.

आपलं सध्या याच ठेकेदाराशी बोलणं चाललंय असा ज्यांना संशय असेल, त्यांनी मला इथेच विचारावं. येऊन मागची भिंत बघितली तरी चालेल. मे महिन्यात ती पूर्ण खरवडून काढणार आहोत, त्याआधी या.