मसाज बॉल: चेंडू घ्या, सोबतचा कागद टाकून द्या

भरीव रबराचा, साधारण ६३ मिलिमीटर व्यासाचा आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा चेंडू. लॅक्रोस या खेळात वापरतात तोच, फक्त खोकं वेगळं. किंमत दोन-तीनशे रुपये. रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढून, घळीने (आंबे काढायच्या लांब काठीने) आंबे उतरवून किंवा काजू सोलत तासन्‌तास बसून ज्यांच्या पाठी-खांद्यात उसण भरते, त्यांना एवढ्या पैशांत याहून कामाची वस्तू मिळणं कठीण. मात्र अशा चेंडूंसोबत बरेचदा जो कागद येतो, ‘गाठी फोडतो, विषद्रव्यं बाहेर काढतो’ छापाचा, तो वाचून वापरलात तर अंग काळंनिळं होईल आणि दुखणं आहे तिथेच राहील.

दुखतं तिथेच चेंडू लावणं ही पहिली चूक. केलग्रेन या डॉक्टरांनी १९३८ मध्ये स्वयंसेवकांच्या स्नायूंत ६ टक्के मिठाचं पाणी टोचून पाहिलं, तर कुल्ल्यात टोचल्यावर कळ पायात उतरली. घळ उंच धरणाऱ्याचा खांदाही पुढून दुखतो, पण दाबल्यावर तीच ओळखीची कळ बरेचदा मागे, खवाट्यावरच्या आडव्या हाडाच्या खालच्या स्नायूत उठते. चेंडू तिथे हवा.

चेंडू लांब मोज्यात घाला, मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे घेऊन हातात धरा. नाहीतर तो दर मिनिटाला कोचाखाली जातो. पाठ भिंतीला, पावलं फूटभर पुढे. भिंत गिलाव्याची हवी, उघडा जांभ्या दगडाचा चिरा रबर सोलून काढतो. दाब दहापैकी पाच-सहा दुखेल इतकाच. घासायचं नाही, एका जागी ३० ते ६० सेकंद थांबायचं. कळ हळूहळू उतरली पाहिजे. मिनिटभरात उतरली नाही तर दाब जास्त आहे किंवा जागा चुकली आहे. असं तीनदा, मग हात पूर्ण वर-खाली फिरवायचा. श्वास रोखावा लागत असेल तर दाब कमी करा.

कुल्ल्यासाठी जमिनीवर आडवं होताना मात्र हा चेंडू फारच कडक पडतो, कारण अर्धं शरीर त्यावर येतं. तिथे पोरांचा जुना टेनिस बॉल बरा. खोबरेल लावून तर मुळीच वापरू नका: चेंडू घसरतो आणि तेलाने नैसर्गिक रबर फुगून खराब होतं.

आता त्या ‘गाठी’बद्दल. त्यांनाच ट्रिगर पॉइंट म्हणतात. हा शब्द रुळवणाऱ्या जेनेट ट्रॅव्हेल (अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर) आणि डेव्हिड सायमन्स यांच्या मांडणीत स्नायूचा बारीकसा भाग आखडून राहतो, तिथला रक्तपुरवठा तोकडा पडतो आणि वेदना वाढवणारी रसायनं साचतात. २००५ मध्ये शाह आणि सहकाऱ्यांनी अतिबारीक सुईने अशा जागांतला द्रव तपासला, तेव्हा ती रसायनं खरोखर जास्त आढळली. पण एकाच माणसाची पाठ दोन तपासनीसांनी चाचपली तर दोघांची बोटं एकाच जागी पडतीलच असं नाही. २०१५ मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी तर ही सगळी उपपत्तीच नाकारली. म्हणजे दाबल्याने काही काळ आराम वाटतो, पण फुटत काहीच नाही. ‘फुटल्याचा आवाज’ शोधत जोर वाढवणारे दुसऱ्या दिवशी काळा डाग घेऊन बसतात.

मानेची पुढची बाजू, मणक्याचं हाड आणि सुजलेली पोटरी इथे चेंडू लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, किंवा डाव्या खांद्यातल्या कळेसोबत घाम आणि धाप असेल, तर चेंडू बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

धुऊन, पुसून, सावलीत ठेवा. खळ्यातल्या उन्हात राहिला तर रबराला भेगा पडतात.