सध्या काय वाचत आहोत, हे कुठे सांगावे? सार्वजनिक वाचननोंद आणि मोजक्या वाचकांचा गट

एखादे पुस्तक आवडू लागले की ते संपण्याची वाट न पाहता कोणाला तरी सांगावेसे वाटते. त्यासाठी आज वाचकापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे गुडरीड्स, स्टोरीग्राफ किंवा लायब्ररीथिंग यांसारख्या संकेतस्थळावर ‘सध्या वाचत आहे’ या यादीत पुस्तक टाकणे आणि अधूनमधून त्यावर नोंद लिहीत राहणे. दुसरी म्हणजे ओळखीच्या तीनचार वाचकांचा बंद गट करून, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-मेलवर, आपल्या वाचनाबद्दल एकमेकांना नियमित लिहिणे. मी या दोन्ही वाटांवर बराच काळ घालवला आहे. या सुविधा कशा वापरायच्या हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते, म्हणून ते सांगत बसत नाही. वाचन चालू असताना, म्हणजे मत पक्के होण्याआधी, यांपैकी कोणती वाट अधिक उपयोगी पडते एवढ्याच प्रश्नापुरते हे लेखन आहे.

सार्वजनिक नोंदीची बाजू आधी मांडतो, कारण ती बलवान आहे. गुडरीड्स २००७ साली सुरू झाले आणि २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते विकत घेतले; लायब्ररीथिंग त्याहून जुने, २००५ चे. इतकी वर्षे साठत गेलेल्या नोंदींचा फायदा असा, की एखादे अगदी दुर्लक्षित पुस्तक शोधले तरी ते वाचलेला कोणी ना कोणी जगात आहे हे कळते, आणि कधी त्याने लिहिलेल्या चार ओळी पुरवणीसारख्या उपयोगी पडतात. ओळखीच्या गटात असा योग क्वचितच येतो, कारण आपले मित्र बहुधा आपल्यासारखेच वाचतात. दुसरा फायदा स्मरणाचा. कोणते पुस्तक केव्हा हाती घेतले, केव्हा संपवले, त्या वेळी काय वाटले, हे सारे एका जागी राहते. उद्या संकेतस्थळ सोडायचे ठरवले तर गुडरीड्स आणि स्टोरीग्राफ या दोन्हींवरून आपली यादी फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. गटातल्या गप्पांना अशी स्मरणशक्ती नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या वर्षी लिहिलेला उतारा शोधायला बसावे तर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली तो कुठे दडला आहे, हे सापडता सापडत नाही.

पुस्तकांच्या माहितीचा प्रश्न मात्र सार्वजनिक नोंदीत वारंवार आडवा येतो. पुस्तकावर छापलेला आयएसबीएन हा ओळखक्रमांक आवृत्तीला आणि बांधणीला दिलेला असतो, कृतीला दिलेला नसतो. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या पुठ्ठाबांधणीची, साध्या बांधणीची आणि ई-पुस्तकाची नोंद वेगवेगळी असते आणि त्या सगळ्या एकाखाली आणण्याचे काम कोणीतरी करावे लागते. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली ती १९७० साली. त्याआधी छापलेल्या प्रतींवर हा क्रमांकच नसतो, आणि जुनी पुस्तके वाचणाऱ्याला कितीदा तरी नोंद स्वतः तयार करावी लागते. इंग्रजीखेरीज इतर भाषांतली पुस्तके कधी मूळ लिपीत, कधी रोमन अक्षरांत, तर कधी अनुवादकालाच लेखक ठरवून नोंदवलेली आढळतात. ही कामे कंटाळवाणी असली तरी एकदाच करायची असतात, आणि मनापासून करणारे वाचक ती इतरांसाठीही करून ठेवतात. तेवढ्यावरून मी सार्वजनिक नोंदीला कमी लेखले नसते.

माझा निर्णय झाला तो टक्क्यांच्या पट्टीवरून. पुस्तक चालू यादीत टाकले की संकेतस्थळ पुढचा प्रश्न विचारते तो ‘कुठवर आलात’ हा. उत्तर पानांत द्यायचे किंवा टक्क्यांत, आणि मग नावाखाली एक पट्टी भरत जाते. पाहायला ही गोष्ट निरुपद्रवी आहे. पण मी जी पुस्तके वाचतो त्यांतल्या निम्म्याअधिक पुस्तकांच्या बाबतीत या प्रश्नाला खरे उत्तरच नसते. कवितासंग्रह मी कधी क्रमाने वाचत नाही. एखादी कविता चार दिवस मनात घोळत राहते, पुस्तक उघडेच असते, आणि त्या चार दिवसांत पट्टी तसूभरही हलत नाही. निबंधसंग्रहात आधी शेवटचा निबंध वाचला तर मी किती टक्के वाचले म्हणायचे? इतिहासाच्या भारदस्त ग्रंथाची अडचण आणखी वेगळी. त्याचा मोठा भाग टिपा, संदर्भग्रंथांची यादी आणि निर्देशसूची यांनी व्यापलेला असतो. त्यामुळे शेवटचे प्रकरण संपवून मी पुस्तक मिटतो तेव्हा ई-पुस्तकाच्या पट्टीवर अजून बराच प्रवास शिल्लक दिसतो. उलट प्रत्येक प्रकरणाबरोबर त्याच्या टिपाही वाचल्या, तर ज्या वाचनाला सर्वांत जास्त वेळ आणि लक्ष लागले, तेच पट्टीवर सर्वांत कमी दिसते.

याचा परिणाम फक्त नोंदीवर होत असता तर मी तिकडे दुर्लक्ष केले असते. परंतु पट्टी वाचनापर्यंत पोहोचते. रोज काहीतरी कळवायचे आहे हे मनाच्या एका कोपऱ्यात असले की मागे जाऊन एखादे पान पुन्हा वाचणे जिवावर येऊ लागते, कारण मागे गेल्याची नोंद कुठेच होत नाही. आवडत्या पुस्तकात तर मागे जाण्यातच अर्धा आनंद असतो. शिवाय नोंद वाचणाऱ्यांकडून येणारा प्रतिसादही त्या आकड्यालाच मिळतो. ‘अर्धे झाले, वा!’ असे कोणी प्रेमाने लिहिते. त्या अर्ध्यात काय होते हे विचारण्याची तिथे रीतच पडलेली नाही. हा दोष एखाद्या संकेतस्थळाचा म्हणता येणार नाही; मी पाहिलेल्या अशा बहुतेक ठिकाणी वाचन मोजण्याची रचना थोड्याफार फरकाने सारखीच आहे. पट्टी न भरता फक्त शब्दांत नोंद लिहिता येते, हेही खरे. मी काही काळ तसेच केले. पण ज्या पानावर सगळ्यांचे आकडे सरकत असतात तिथे आपला मजकूर उगीचच लांबलेला वाटतो, आणि तो वाचायला थांबणारे थोडे.

गटात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे प्रगती विचारणारे कोणी नसते. आमची पद्धत साधी आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने हातात असलेल्या पुस्तकाबद्दल परिच्छेदभर लिहायचे: काय आवडले, कुठे अडकलो, आणि जमल्यास एक उतारा स्वतः टाइप करून द्यायचा, पानाचा फोटो पाठवायचा नाही. उतारा स्वतः उतरवताना तो आपल्याला का आवडला हे निम्मे तिथेच उमगते, म्हणून हा आग्रह. मत देण्याची सक्ती नाही आणि पुस्तकाला गुण म्हणून द्यायचे तारेही नाहीत. स्टोरीग्राफवर तारे पावपट देता येतात, गुडरीड्सवर पूर्णच द्यावे लागतात, यावर वाचकांत बरीच चर्चा होते. पण अर्धवट वाचलेल्या पुस्तकाला कितीही बारीक मापाने मोजले तरी त्यातून काय कळणार, असे मला वाटते.

गटाचे खरे मोल उलट विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात आहे. मी एका लेखकाचा पत्रसंग्रह वाचत होतो आणि त्यातल्या जिव्हाळ्याबद्दल मोठ्या उत्साहाने लिहिले होते. गटातल्या एका स्नेह्याने एवढेच विचारले, ‘समोरच्यांची उत्तरे संग्रहात आहेत का?’ उत्तरे नव्हती. तोवर ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती असे नाही, पण तिच्याकडे मी पाहिले नव्हते. पुढची पत्रे मी त्या नसलेल्या उत्तरांचा अंदाज घेत वाचली. कुठे लेखक एकदम मवाळ होतो, कुठे मागच्या पत्रातली गोष्ट न सांगताच सोडून देतो, हे सारे दिसू लागले. पुस्तक संपल्यावर हाच प्रश्न आला असता तर मी हळहळलो असतो इतकेच. वाचन चालू असताना आल्यामुळे पुढचे वाचनच पालटले. पुस्तक संपण्याआधी त्याबद्दल बोलण्याचा एवढा लाभ मला दुसरीकडे मिळालेला नाही. अनोळखी वाचकाकडूनही असा प्रश्न येऊ शकतो हे मान्य, पण आपण काय वाचतो आणि कशाकडे काणाडोळा करतो हे ज्याला अनेक महिन्यांच्या सहवासाने माहीत आहे, त्याचा प्रश्न नेमक्या जागी लागतो.

शेवट फुटण्याची भीती दोन्हीकडे आहे. एकच पुस्तक मिळून वाचायचे असेल तर स्टोरीग्राफने याची चांगली सोय केली आहे: सहवाचनात ज्या टप्प्यावर एखाद्याने मत लिहिले, त्या टप्प्यापर्यंत दुसरा पोहोचेपर्यंत ते झाकलेले राहते. गटात ही जबाबदारी माणसांवर असते आणि ती प्रत्येक वेळी पाळली जातेच असे नाही. रहस्यकथा किंवा वेगवान कादंबऱ्या मित्रांबरोबर वाचणाऱ्याला मी नि:संकोच तीच सोय सुचवीन. अशा वाचनात पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सरळ जायचे असते, आणि तिथे माझी पट्टीबद्दलची तक्रारही फारशी लागू होत नाही.

गटाच्या उणिवाही लपवण्यासारख्या नाहीत. एक जण गप्प झाला की दुसराही होतो, आणि दोन आठवडे कोणी लिहिले नाही तर तिसऱ्या आठवड्यात सुरुवात करणे जड जाते. संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही. गट मोठा झाला की लोक पुस्तकाबद्दल लिहिण्याऐवजी मुखपृष्ठांचे फोटो टाकू लागतात असे मी पाहिले आहे. तीन ते पाच माणसे पुरेशी वाटतात. साधन म्हणून मला व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा ई-मेल बरा वाटतो: लिहिण्याआधी माणूस थोडा थांबतो, एका पुस्तकाची सगळी चर्चा एका विषयाखाली राहते, आणि जुने शोधता येते. तांत्रिक खटाटोपाची आवड असलेल्यांसाठी बुकवर्म हे सॉफ्टवेअरही आहे. त्यात लहान गट स्वतःचा सर्व्हर चालवून संकेतस्थळासारखी नोंद ठेवू शकतो. आमच्यापैकी कोणालाही तेवढी सांभाळणी जमण्यासारखी नसल्याने आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

निवड करणाऱ्याने स्वतःच्या चालू वाचनाकडे एकदा पाहावे. वर्षभरात काय काय वाचून झाले याचा हिशेब हवा असेल, नवी पुस्तके सुचवणारी अनोळखी माणसे हवी असतील आणि वाचन बहुतांशी कथाकादंबऱ्यांचे असेल, तर सार्वजनिक नोंद पुष्कळ देते. तिथले तारे आणि सरासऱ्या जरा नजरेआड ठेवता आल्या म्हणजे झाले. कविता, निबंध, पत्रे, इतिहास असे रेंगाळत वाचायचे साहित्य हाती असेल तर मी गटाकडे बोट दाखवीन. मी स्वतः पुस्तक संपले की त्याची तारीख आणि दोन ओळी सार्वजनिक यादीत टाकतो, कारण स्मरणाचे काम ती चोख करते. चालू पुस्तकाबद्दल मात्र फक्त गटात लिहितो. असा गट करायला ओळखीची माणसेच नाहीत, ही अडचण अनेकांची असेल. त्यांनी सार्वजनिक नोंदींतच अशा वाचकाचा शोध घ्यावा, जो आकडे न देता पुस्तकातल्या एखाद्या जागेबद्दल लिहितो, आणि त्या जागेविषयी एक खरा प्रश्न विचारून त्याला खाजगीत लिहावे. आमच्या गटातले दोघे मला याच मार्गाने मिळाले.