आठ महिन्यांनंतर: व्हीसीआरच्या ड्रमवर बांधलेला स्पिनर

मागच्या रविवारी दुपारी साडेपाचच्या सुमारास भाच्याने हाक मारली, "मामा, बॅट अडकली." जाऊन बघतो तर स्पिनरची, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायच्या गोल फिरणाऱ्या नियंत्रकाची, मूठ झकास फिरतेय, पण पडद्यावरच्या खेळातली बॅट जागच्या जागी थरथरतेय. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. आठ महिने एकही तक्रार नव्हती. त्या दिवशी पोटात गोळाच आला, कारण हा स्पिनर मी विकत आणलेला नाही, एकेक भाग शोधून बांधलाय. बिघाड सापडला. त्याआधी जानेवारीत, ज्या विकतच्या भागाला मी दोष देत होतो त्याचाही हिशेब पुन्हा मांडावा लागला होता. म्हणून सविस्तर लिहितोय.

१९८१ चा टेम्पेस्ट किंवा १९८६ चा अर्कनॉइड हे आर्केड खेळ जॉयस्टिकवर खेळून पाहिलेल्यांना स्पिनर का हवा हे सांगायला नको. पोटेन्शिओमीटरची (रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो तशी) मूठ दोन्ही टोकांना अडते, टेम्पेस्टमध्ये तर गरगर फिरत राहायचं असतं. तयार स्पिनर परदेशातून मागवायचा तर किंमत, कुरिअर आणि वर सीमाशुल्क. एका मुठीसाठी एवढे पैसे मोजणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

पहिला प्रयत्न मात्र मी विकतच्या भागावर केला. औद्योगिक रोटरी एन्कोडर, म्हणजे दांडा किती आणि कुठल्या दिशेला फिरला ते सांगणारा भाग, फेरीला ६०० पल्सचा, ६ मिलिमीटरचा दांडा, १०५० रुपये. सोबत त्याचे पल्स मोजायला प्रो मायक्रो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, ५५० रुपये. हा बोर्ड संगणकाला स्वतःला माऊस म्हणून सांगतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एन्कोडर हातात घेतला तर फिरायला जड. आत धूळ-पाणी जाऊ नये म्हणून दांड्याला सील आणि भरपूर ग्रीस असतं. कारखान्यातल्या मशीनला ते हवंच, खेळणाऱ्याच्या बोटाला नको. सील काढलं, ग्रीस पेट्रोलने धुतलं, तरी एका झटक्यात जेमतेम तीन सेकंद फिरायचा.

आणि त्याहून वाईट, जोरात फिरवला की बॅट उलटी पळायची! हळू फिरवा, उत्तम. चेंडू कोपऱ्यात निघालाय, झटका द्या, आणि बॅट विरुद्ध दिशेला. या एका दोषाने माझी झोप उडवली होती. तारा बदलल्या, एन्कोडरच्या ए आणि बी या दोन सिग्नलची अदलाबदल केली, जाड केबल लावली. शेवटी विक्रेत्याला कळवलं की माल सदोष आहे. त्यांनी फोटो मागवले, सील काढलेलं दिसलं, परत घ्यायला नकार दिला. चार दिवस मेलवर वाद चालला. मी बरंच कडक लिहिलं.

मग रागाने जुना बाजार गाठला. पुणेकरांना सांगायला नको, बुधवार आणि रविवार. बंद व्हीसीआर १५० रुपयांना मिळाला. विकणारा म्हणत होता, "दादा, चालत नाही हा, घरी नेऊन शिव्या द्याल." मला त्यातला फक्त हेड ड्रम, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा फिरता गोल भाग, हवा होता. व्हीएचएसचा ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा आणि आपल्याकडच्या पॅल या टीव्ही पद्धतीत मिनिटाला १५०० फेऱ्या. हा वेग राखताना तो जरासुद्धा डुगडुगला तर चित्र फाटतं, म्हणून त्याचे बेअरिंग इतके अचूक बनवलेले असतात. टेपचा जमाना गेला, बेअरिंग तसेच राहिले. वरचा भाग ॲल्युमिनियमचा आहे, त्यामुळे फिरता ठेवायला वेगळं वजनही लागत नाही. एकच काळजी घ्या, खालची मोटरची कॉइल असलेली पट्टी काढून टाका, नाहीतर चुंबकाची ओढ बोटाला जाणवते. पट्टीसकट माझा ड्रम नऊ सेकंद फिरत होता, पट्टी काढल्यावर चौदा.

मोजणीसाठी त्याच बाजारातून बॉलवाला जुना माऊस, ३० रुपये. आतल्या एका रोलरची खाचांची चकती आणि तिच्या दोन बाजूंचे इन्फ्रारेड एलईडी व सेन्सर, एवढंच घ्यायचं. सेन्सर सुटा काढू नका. त्यात दोन डोळे असतात आणि त्यांच्यात अर्ध्या खाचेचा फरक नेमका जुळलेला असतो. त्यावरूनच दिशा कळते. मी सर्किटचा आणि प्लास्टिकच्या चौकटीचा तेवढा तुकडा आरीपात्याने अख्खा कापून घेतला. चकती दांड्याला चिकटवताना पहिल्यांदा झटपट सुकणारा गोंद वापरला. त्याच्या वाफेने चकतीवर पांढरी साय धरली आणि खाचा अंधुक झाल्या. चकती गेली. दुसऱ्या रोलरची होती म्हणून निभावलं. ती दोन ट्यूबच्या इपॉक्सीने लावली, रात्रभर हलवली नाही. मूठ बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरची. वरचं झाकण म्हणजे साइनबोर्डवाल्याकडे पडलेला दुधी ॲक्रिलिकचा तुकडा. पैसे घेतले नाहीत त्याने.

पहिल्यांदा फिरवला ती रात्र विसरणार नाही. एक झटका द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. टेम्पेस्टमधला तो पिवळा पंजा कड्यावरून फिरतच राहतो. पुन्हा बोट टेकवलं की तिथल्या तिथे थांबतो. रात्रीचा एक वाजला होता आणि मी नुसता फिरवत बसलो होतो. उलटं पळणं? एकदाही नाही. तेव्हा मी ठरवूनच टाकलं की विकतचा एन्कोडर टाकाऊ आणि भंगार श्रेष्ठ. ओळखीतल्या तिघांना तसं सांगितलंही.

ते चुकीचं होतं. जानेवारीत बटणं जोडायला बोर्डावरचा प्रोग्रॅम पुन्हा उघडला तेव्हा दिसलं. मी दर २० मिलिसेकंदांनी संगणकाला हालचाल कळवत होतो. माऊसच्या एका निरोपात १२७ पर्यंतचाच आकडा मावतो. ६०० पल्सचा एन्कोडर, दोन्ही सिग्नलच्या मिळून प्रत्येक पल्सच्या चारही कडा मोजल्या तर फेरीला २४०० पावलं. सेकंदाला पाच फेऱ्या धरा, म्हणजे २० मिलिसेकंदांत २४० पावलं. २४० त्या जागेत बसत नाही, १२७ च्या पुढे मोजणी उणे बाजूला उलटते आणि तो उणे १६ होऊन बाहेर पडतो. उणे म्हणजे उलट दिशा. एन्कोडर बिचारा खरं तेच सांगत होता. माझ्या व्हीसीआरवाल्या स्पिनरच्या चकतीला ३६ खाचा, फेरीला १४४ पावलं. तेवढ्याच वेगाला १४-१५ पावलं होतात, म्हणून दोष कधी वरच आला नाही. निरोप दर मिलिसेकंदाला पाठवला, १२७ च्या वर गेलं तर उरलेलं पुढच्या निरोपासाठी राखलं, आणि तोच एन्कोडर सरळ चालला. त्या विक्रेत्याला मी मेल करून माफी मागितली. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण मागायची होती.

आता दोन्हींची तुलना प्रामाणिकपणे सांगतो. अर्कनॉइडला १४४ पावलं कमी पडतात. मेममध्ये (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) डायलची संवेदनशीलता वाढवावी लागते आणि मग बॅट छोट्या उड्या मारते, चेंडू बॅटच्या अगदी कडेवर घ्यायचा तर नेम चुकतो. तिथे एन्कोडरच बरा. टेम्पेस्टला मात्र ड्रमला तोड नाही. मेमच्या सेटिंगमध्ये माऊस चालू करायला विसरू नका, आणि टेबलावर नेहमीचा माऊसही असेल तर दोन्ही माऊस वेगवेगळे ओळखणारं मल्टिमाऊस चालू करा, नाहीतर कोपर लागलं तरी बॅट हलते.

आणि रविवारचा बिघाड. मी झाकण काढलं, चकती तपासली, तारा ओढून पाहिल्या. सगळं जागेवर. प्रोग्रॅम परत भरला, तरी थरथर तशीच. तासभर गेला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली, "केवढं ऊन येतंय तोंडावर," म्हणून तिने पश्चिमेच्या खिडकीचा पडदा ओढला. बॅट सरळ चालायला लागली. मी पडदा उघडला, थरथर. बंद केला, ठीक. तीन वेळा करून पाहिलं.

कारण एकदम लख्ख झालं. इतके महिने मी रात्रीच खेळत होतो. भाच्याची परीक्षा संपली आणि तो दुपारी बसायला लागला. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. सेन्सरच्या एका डोळ्यावर ते सतत पडलं की त्याला खाच आणि दात यांतला फरक दिसत नाही. दुसरा डोळा सावलीत, तो मोजत राहतो. एकाच डोळ्याचं ऐकलं तर प्रोग्रॅमला एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे एवढंच कळतं, म्हणून ती थरथर. ऊन आत आलं ते त्या दुधी ॲक्रिलिकमधून. ते साइनबोर्डसाठीच बनतं, प्रकाश आरपार जावा म्हणून. जुन्या माऊसलाही हीच अडचण असणार, म्हणून त्याची पेटी बंदिस्त. मी ती पेटी फेकून दिली होती.

झाकणाला आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली, तारांना लागू नये म्हणून तिच्यावर कागद. नुसत्या काळ्या प्लास्टिकवर भरवसा ठेवू नका. टीव्ही रिमोटच्या तोंडावरची पट्टी काळी दिसते, तरी इन्फ्रारेड तिच्यातूनच जातं. सोमवारी, मंगळवारी मुद्दाम उन्हात ठेवून खेळलो. एकदाही थरथर नाही.

खर्च बोर्ड सोडून २४० रुपये, त्यात ६० चा इपॉक्सी. आठ महिन्यांत मुठीचा स्क्रू दोनदा सैल झाला, बाकी काही नाही. काल घड्याळ लावून पुन्हा मोजलं, अजून चौदा सेकंद. व्हीसीआर घ्यायला गेलात तर वरचं झाकण उघडायला सांगा आणि ड्रमच्या वरच्या कडेला बोटाने हलका झटका द्या. खरखर ऐकू आली किंवा एक-दोन फेऱ्यांत थांबला तर पुढच्या गाडीवर जा.