शेलचेक: कोटिंगच्या चुका अचूक पकडतो, पण आधी शेबँग तपासा

शेल स्क्रिप्ट (शेलने ओळीने चालवायच्या कमांडची फाइल) अचानक बिघडते ती बहुतेकदा कोट (अवतरण चिन्हं) न लावल्यामुळे, आणि नेमक्या याच चुकांवर शेलचेकची नजर सगळ्यात तीक्ष्ण आहे. विडार होलेन यांनी हॅस्केलमध्ये लिहिलेलं हे मोफत, मुक्त स्रोत टूल स्क्रिप्ट न चालवता, नुसती वाचून चुका दाखवतं.

सर्वांत जास्त दिसणारी सूचना एससी२०८६, म्हणजे व्हेरिएबलला कोट नसल्याचा इशारा. $फाइल या व्हेरिएबलमध्ये 'मासिक अहवाल' असेल आणि ते विनाकोट आरएमला (फायली पुसणाऱ्या कमांडला) दिलं, तर शेल मधल्या जागेवर त्याचे तुकडे पाडतो आणि आरएम 'मासिक' व 'अहवाल' अशा दोन फायली पुसायला जातो. नावात * (शेलसाठी 'काहीही' या अर्थाचं चिन्ह) असलं तर भलत्याच फायली जातील. "$फाइल" लिहा, प्रश्न मिटला. एकेरी कोटाच्या आत एकेरी कोट हवा असेल, तर '\'' लिहावं लागतं: पहिल्या चिन्हाने कोट बंद, \' हा खरा कोट, शेवटच्याने पुन्हा सुरू. आत बॅकस्लॅशला काहीच किंमत नसते.

एस्केप सीक्वेन्सच्या (नव्या ओळीसारख्या गोष्टींसाठी बॅकस्लॅशने लिहायच्या खुणांच्या) बाबतीत मात्र हे टूल एरवी शेबँगच्या, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या, भरवशावर चालतं. त्या ओळीत एसएच असेल तर 'एको -ई' (एको म्हणजे मजकूर छापणारी कमांड) आणि $'…' या एस्केप उलगडणाऱ्या दोन्ही पद्धतींवर ते हरकत घेतं. बॅश असेल तर गप्प बसतं, आणि तीच स्क्रिप्ट कुणी 'एसएच' लावून डॅश या दुसऱ्या, साध्या शेलमध्ये चालवली की पडद्यावर चक्क -ई छापून येतं. $'…' पॉझिक्समध्ये (शेलच्या सामाईक मानकात) आलं ते २०२४च्या आवृत्तीत, त्यामुळे जुन्या शेलवर अजून विसंबू नका. स्क्रिप्ट कुठेही चालायची असेल तर पर्यायात '-एस एसएच' देऊन तपासा.

एकोऐवजी प्रिंटएफ (ठरलेल्या साच्यात, म्हणजे फॉरमॅटमध्ये, मजकूर छापणारी कमांड) वापरा हा त्याचा सल्ला रास्त आहे. डॅशचा एको बॅकस्लॅश-एनची नवी ओळ करतो, बॅशचा एरवी करत नाही. पण प्रिंटएफ "$संदेश" असं लिहू नका, एससी२०५९ त्यासाठीच आहे. संदेशात % नंतर मोकळी जागा आणि मग डी हे अक्षर आलं, तर प्रिंटएफ तिथे आकडा अपेक्षित धरतो आणि शून्य छापतो. फॉरमॅटमध्ये %एस (इथे मजकूर येईल अशी खूण) लिहा, संदेश वेगळा द्या. रंगासाठी \ई किंवा \एक्स नको, अष्टमान \०३३ घ्या. %बीला (मजकुरातले एस्केप उलगडणाऱ्या खुणेला) दिलेल्या मजकुरातही तेच \०३३ चालतं.

खटकणारी गोष्ट एससी२०१६, म्हणजे एकेरी कोटात $ उलगडत नाही हा इशारा. एकेरी कोटात $ मुद्दाम ठेवला तरी ती येते. अशा वेळी त्या ओळीच्या वर 'डिसेबल'ची टिप्पणी टाका, सूचना सगळीकडे बंद करू नका. '-एफ डिफ' दिलं तर सोप्या दुरुस्त्यांचा पॅच (थेट लावता येणारी बदलांची यादी) तयार मिळतो, पण तो वाचूनच लावा: अनेक पर्याय एकाच व्हेरिएबलमध्ये भरले असतील, तर कोट लावल्यावर त्यांचा एकच शब्द होतो आणि कमांड मोडते.