समर स्कूलच्या नावाखाली ४ लाख १० हजार गेले: परदेशी कोर्सचे पैसे भरण्याआधी हे तपासा

चोपडा तालुक्यातला मुलगा, जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जर्मनीत तीन आठवड्यांचं समर स्कूल, राहणं-खाणं धरून, वर विद्यापीठाचं सर्टिफिकेट, असं सांगून एका कन्सल्टन्सीने त्याच्या वडिलांकडून ४ लाख १० हजार रुपये घेतले. थोडे केळीचे आले होते, बाकीचे पतसंस्थेतून उचलले. मुलगा गेला नाही आणि पैसेही परत आले नाहीत. यातली प्रत्येक पायरी आधीच ओळखता आली असती, म्हणून सगळं सविस्तर मांडतो आहोत.

विद्यापीठ खरं होतं. कोर्सही खरा होता, तारखा आणि फी वेबसाइटवर दिसत होती. घरच्यांनी मोबाइलवर शोधलं, सापडलं, विश्वास बसला. बनावट होतं ते प्रवेशपत्र. त्यावर अर्ज क्रमांक नव्हता. मुलाच्या नावाऐवजी नुसतं 'डिअर स्टुडंट'. ईमेलच्या पत्त्यात विद्यापीठाचं नाव होतं, पण शेवट डॉट कॉम; जर्मन विद्यापीठांचे पत्ते बहुतेक डॉट डीईवर संपतात. '७२ तासांत फी भरा' अशी तंबी, आणि खाली बँकेचा तपशील म्हणून आयएफएससी कोड! आयएफएससी फक्त भारतातल्या बँक शाखेला असतो. जर्मनीतल्या खात्याला आयबॅन नंबर असतो, तो डीई या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण २२ अक्षरांचा असतो. नेदरलँड्सचा एनएलने सुरू होऊन १८ अक्षरांचा, फ्रान्सचा एफआरने सुरू होऊन २७ अक्षरांचा. विद्यापीठ एका देशातलं आणि आयबॅन दुसऱ्या देशाचा निघाला, तर तिथेच थांबा.

असं पत्र हातात आलं की त्यातली लिंक दाबू नका. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून समर स्कूल ऑफिसचा ईमेल स्वतः शोधा, पत्र जोडा, पासपोर्टवरचं नाव लिहा आणि एकच विचारा: हे पत्र तुम्ही दिलंय का? त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

आता पैशांचं बघा. १५ हजार नोंदणी, दीड लाख 'सीट ब्लॉक', ६५ हजार 'व्हिसा पॅकेज' आणि १ लाख ८० हजार 'ब्लॉक अकाउंट'. शेंगेन व्हिसा म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा कमी मुदतीचा व्हिसा. त्याची फी मोठ्या माणसाला ९० युरो, म्हणजे साधारण नऊ-दहा हजार. त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि किमान ३० हजार युरो कव्हरचा प्रवास विमा. तीन आठवड्यांचा हा विमा काही हजारांत निघतो. ६५ हजार कशाचे, हे कुणी विचारलंच नाही. ब्लॉक अकाउंट, म्हणजे तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं, लागतं ते पदवी, मास्टर्ससारख्या लांब मुदतीच्या विद्यार्थी व्हिसाला, तेही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर. तीन आठवड्यांच्या शेंगेन व्हिसाला त्याचं काम नाही. इथे ती रक्कम कन्सल्टन्सीच्या करंट अकाउंटला गेली.

पावत्यांवर 'सेवाशुल्क, ना-परतावा' असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. फी म्हणून दिलेला पैसा कागदावर एजंटची कमाई झाला. पाचशेच्या स्टॅम्पवर करारही होता: व्हिसा नाकारला तर ऐंशी टक्के परत. पण अर्ज केलाच नाही तर नाकारणार कोण? 'विद्यार्थ्याने कागदपत्रं वेळेत दिली नाहीत' असं सांगून ते मोकळे झाले.

अर्ज खरंच गेला का, हे ओळखायची सोपी खूण आहे. पहिल्यांदा शेंगेन व्हिसा काढणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला स्वतः मुंबई-पुण्याच्या केंद्रावर जावं लागतं. मुलगा ठसे द्यायला गेलाच नाही म्हणजे अर्जही गेला नाही. व्हिसा नाकारला तर पासपोर्टसोबत कारणांवर खूण केलेलं छापील पत्र मिळतं. या मुलाला मिळाला तो फक्त व्हॉट्सअॅपवरचा स्क्रीनशॉट. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ लागतात. मे-जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. जुलैच्या कोर्सची कागदपत्रं एजंट जूनअखेर मागत असेल, तर त्याची तयारी 'एम्बसीने उशीर केला' म्हणायची आहे.

'व्हिसासाठी खात्यात चार दिवस पैसे दाखवून देतो' असं कुणी म्हटलं तर उठून या. स्टेटमेंटमध्ये अचानक आलेली मोठी रक्कम लगेच दिसते. ब्रिटनच्या अर्जात खोटा कागद सापडला तर दहा वर्षं बंदी लागू शकते, आणि ती मुलाच्या नावावर लागते, एजंटच्या नाही.

दुसरा प्रकार कायद्याच्या काठावरचा. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांच्या इमारती सुट्टीत भाड्याने मिळतात. खासगी कंपन्या तिथे कोर्स घेतात. फोटो ऑक्सफर्डचे, सर्टिफिकेट कंपनीचं. ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) कुणाचं नाव असेल आणि किती ईसीटीएस क्रेडिट (युरोपातलं अभ्यासाचं मोजमाप) मिळतील, हे लेखी विचारा. ते क्रेडिट आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात धरले जातील का, हे आधी कॉलेजच्या परीक्षा विभागाकडून लिहून घ्या. तिकडचा जुलै म्हणजे आपल्याकडे नवीन सत्र, त्यामुळे हजेरीचंही विचारा.

ऑफिसच्या भिंतीवरच्या फ्रेमांना भुलू नका. उद्यम, शॉप अॅक्ट, जीएसटी हे कोणत्याही दुकानाला मिळतं. परराष्ट्र मंत्रालयाची एजंट नोंदणी परदेशी नोकरभरतीसाठी असते, शिक्षणासाठी नाही. 'नाना, काळजी करू नका, काम व्हई जाई' असं अहिराणीत बोलणारा माणूस आपलाच वाटतो. वाटू द्या, पण फी त्याच्या हातात देऊ नका. आपल्या बँकेत जा, परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-२ भरा, विद्यापीठाच्या खात्यात थेट पाठवा आणि स्विफ्टची प्रत, म्हणजे पैसे परदेशी पाठवल्याचा बँकेचा पुरावा, जपून ठेवा.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढे वळवले जाण्याआधी खातं गोठवणं शक्य असतं. मग बँकेला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, बनावट पत्राची कलमं वेगळी लागतात. पावत्या, करार, चॅट, पत्राची मूळ पीडीएफ, काहीही डिलीट करू नका. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. कन्सल्टन्सी पुण्याची असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात चालते. पासपोर्ट एजंटकडे अडकला असेल तर तोही तक्रारीत लिहा. कायद्याने पासपोर्ट केंद्र सरकारची मालमत्ता आहे, पैशांसाठी तो अडवून ठेवायचा हक्क एजंटला नाही.